हिरवं आलं का, बाई?

खरं सांगायचं तर थाळी मी जन्मात कधी फेकली नव्हती. चित्रकलेचे तास कमी झाले म्हणून कोपरीतल्या आमच्या शाळेने मला पीटी दिली, आणि पीटीबरोबर एक ॲपवाला मोबाईल. तो मैदानावर धरला की स्क्रीनवर, आपल्याच मातीत, एक हिरवा माणूस उभा राहून थाळी फेकून दाखवायचा. मुलीने तसंच फेकलं तर तिच्याभोवतीची रेघ हिरवी, नाहीतर लाल. मला तो माणूस फार आवडायचा. त्याच्यामागे लपता यायचं.

आठवीतल्या दक्षताशी मात्र त्याचं पटलं नाही. आजोबांबरोबर खाडीत पाग, म्हणजे हाताने फेकायचं जाळं, टाकून टाकून तिचं अंगच तसं वळलेलं. कमरेतून पूर्ण घुमायची, हात सगळ्यात शेवटी सोडायची. थाळी थेट भिंतीपाशी. बावीस मीटर. मोबाईल लालभडक.

"शंभरात एकतीस," मी वाचलं.

"पण बाई, लांब गेली ना!"

"लांब जाऊन काय? पद्धत बघ."

"अगं, थाळी फेकतेस की बोंबील पकडतेस?" रांगेतली ऋजुता म्हणाली.

"बोंबील पागेत येत नाय," दक्षता पुटपुटली.

सगळ्या हसल्या. मीही हसले.

जिल्ह्याच्या स्पर्धेला एकीचंच नाव जाणार होतं. "शनिवारपर्यंत हिरवं आण, मग बघू," मी तिला म्हटलं.

शुक्रवारी तिचे आजोबा, गुणाजी, शाळेत आले. स्टाफरूमच्या दाराबाहेर चप्पल काढून उभे. भांडायला आले असतील म्हणून मी तोंड कडक केलं.

"बाय, पोरीची पाग आता उघडतच नाय. गोळा होऊन पडते पान्यात." मग अदबीने म्हणाले, "शालंत नवी रीत आली असंल. मलाबी दाखवा ना."

मी त्यांना चहा दिला. दुसरं द्यायला माझ्याकडे काही नव्हतं.

शनिवारी दक्षताने फेकलं. अगदी त्या माणसासारखं. थाळी तेरा मीटरवर पडली.

"हिरवं आलं का, बाई?"

"आलं," मी म्हटलं. अठ्ठ्याऐंशी. आठवडाभर मधल्या सुट्टीत डबा न खाता, सराव करून तिने आणलेलं हिरवं.

यादीत मी तिचंच नाव लिहिलं आणि मोबाईल पर्समध्ये कोंबला. "दक्षता, आता तुझी ती पहिली फेक बघू. पागेची."

तिने थाळी उचलली. अर्धी वळली, थांबली, खाली पायांकडे बघत राहिली.

"बाई, आधी कुठला पाय?"

मला कुठे माहीत! स्पर्धा गुरुवारी. मी तिला घेऊन तशीच खाडीकडे निघाले. आजोबांना काय सांगायचं त्याची वाटभर जुळवाजुळव करत होते, आणि सारखं त्यांचंच वाक्य तोंडात येत होतं: "मलाबी दाखवा ना."