अडवलेलं नाव

हर्षदने कीबोर्डवर पुन्हा बोटं आपटली. ‘नागाव बीच होमस्टे’ या नावापुढे पुन्हा लाल अक्षरं उमटली. वेबसाइटसाठी हे नाव आधीच कोणीतरी घेतलेलं होतं.

“हेपण गेलं! कोण दळभद्री नुसती नावं अडवून बसलेत!”

ओटीवर कोळंबी सोलत बसलेल्या त्याच्या बायकोने, नूतनने, मानही वर केली नाही.

नागाव, बीच, होमस्टे. लोक गूगलवर दुसरं शोधतात तरी काय! हे शब्द वेबसाइटच्या नावातच असले की गिऱ्हाईक थेट दारात. एवढी अक्कल आख्ख्या गावात आपल्या एकट्याला आहे, याबद्दल हर्षदला तिळमात्र शंका नव्हती. बाकीचे सगळे कुंपणाला पाट्या टांगून जांभया देणारे. पण नाताळ तोंडावर आला होता आणि नव्या खोल्या रिकाम्या होत्या. गेल्या वर्षी भांडून वाडी वाटून घेतल्यावर थोरला भाऊ दिपेश माणगावला निघून गेला, त्याच्यामागे जुनी गिऱ्हाइकंही गेली. जाईनात का! असल्या भावाचं तोंड बघायचं नव्हतं त्याला.

“‘बेस्ट चीप नागाव बीच फॅमिली एसी रूम’. हे मोकळं आहे बघ.”

“एवढं लिहीपर्यंत ओहोटी लागंल,” नूतन म्हणाली. “ते मघाचं होमस्टेवालं कोणी घेतलंय, उघडून तरी बघा.”

“असेल कोणीतरी मुंबईचा उपटसुंभ.”

तरी त्याने ते उघडलं, निदान नावं ठेवायला.

पानावर एकच फोटो होता. वाडीतल्या रहाटापाशी खांद्यावर हात टाकून उभे असलेले दोघे भाऊ. खाली लिहिलं होतं, ‘लवकरच सुरू करत आहोत’, आणि साल यंदाचं.

“दादा!” हर्षद फणकारला. “म्हणजे हा अडवून बसलाय! स्वतः करायचं नाही, दुसऱ्याला करू द्यायचं नाही. जळका मेला!”

नूतन हात पुसत मागे येऊन उभी राहिली.

“खाली फोन नंबर तुमचा हाय.”

त्याने वाचला. परत वाचला. नंबर त्याचाच होता. दिवाळीत पुण्याच्या अनोळखी लोकांचे फोन आले, तेव्हा ‘माझं नाव झालंय’ म्हणून तो गावभर मिरवला होता. नंबर कुठून मिळाला, हे त्यांना विचारायचं त्याला सुचलं नव्हतं.

त्याने मोबाइल उचलला, त्यातली नावं बराच वेळ वरखाली केली आणि तो खाली ठेवला.

“तुझ्याकडे दादाचा नंबर असेल ना?” तो म्हणाला. “मी काढून टाकला होता.”