जमिनीवर निजणारा भोवत्या

मी भोवत्या बोलतोय. अहो, झाडाकडे काय बघता? खाली गवतात बघा! शिकारी पक्षी म्हटला की तो उंच शेंड्यावर बसायचा, अशी तुमची समजूत. आमचं सगळंच खाली. जन्म दूर उत्तरेच्या थंड माळावर, जमिनीवरच्या घरट्यात, झोप गवतात, शिकार गवताच्या शेंड्यांना पोट लागेल इतक्या खालून उडत. चेहरा घुबडासारखा गोल, त्यामुळे उंदीर दिसण्याआधी मला ऐकू येतो.

दर हिवाळ्यात मी वऱ्हाडात येतो. वलगावकडे कुरणं काय होती, विचारू नका! मग साता समुद्रांपार कुठेशी लढाई जुंपली, तिकडचा कापूस अडला, इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला, आणि जो तो नांगर घेऊन धावत सुटला. काल निजलो ती जागा आज नांगरलेली. आज इथे, उद्या तिथे. डोळ्याला डोळा नाही. शेवटी खुशालराव नावाच्या शेतकऱ्यानं बैलांसाठी राखलेलं तेवढं कुरण उरलं. आम्ही सारे तिथेच दाटीवाटीनं निजू लागलो.

त्यांच्या वावरात सीतादहीचा दिवस होता. कापसाची पहिली वेचणी सुरू करण्याआधी दहीभात चारी दिशांना शिंपडतात. खुशालरावांची आई गोदाबाई शिंपडत होती. भाताच्या वासानं उंदीर निघाला, मी झडप घातली. उंदराबरोबर नखांत कापसाचा पुंजकाही अडकला.

"चोर! चोर!" खुशालराव ओरडले. "आता पाखरं बी कापूस नेऊन राहिले! माय, हे कुरणच पेटवतो. पुढच्या साली तिथं बी कापूस लावतो."

"खुशाल्या, त्याच्या पायात उंदीर होता. सरकी खाणारा."

"मले तं कापूसच दिसला."

"तुले आजकाल दुसरं दिसते काय? उद्या माह्ये पांढरे केस बी वेचशीन!"

वेचणाऱ्या बाया खो खो हसल्या. खुशालरावांनी रागानं बंडीच्या खिशातून चकमक काढली. गोदाबाई आडवी आली.

"सीतादहीले जो आला, तो वावराचा पाहुणा. वेचणी सरेपर्यंत त्याले हाकलत नाहीत. तुह्या बापानं कधी हाकललं काय?"

खुशालराव चपापले. "बरं. सरू दे वेचणी."

तेव्हापासून माझा जीव त्या वेचणीत अडकला. रोज सांजेला घिरट्या घालून बघे, अजून किती पांढरं उरलंय. बायांचे हात भारी चपळ! भरलेल्या गाड्या अमरावतीच्या वाटेला लागत, आणि इकडे वावर काळं पडत जाई.

एक दिवस खुशालराव चकमक घेऊन आलेच. पण कुरणाकाठची एक ओळ पांढरीशुभ्र उभी.

"माय, हे वेचायचं काहून राहिलं?"

"गुडघे दुखतात माह्ये."

"मंग बायाईले सांगतो."

"हे मीच वेचीन. कोणी हात तं लावून पाहा!"

कापूस गळून मातीत पडत होता. पण वेचणी सरली नव्हती; खुशालराव चकमक खिशात टाकून हात चोळत परतले.

आता चैत्र लागला. मला उत्तरेला निघायचंय. आत्ताच वरून पाहिलं, गोदाबाई त्या ओळीत बसलीय. एक बोंड वेचते, दोन सोडते. पुढच्या हिवाळ्यात कुरण असेल की नांगरट, कोण जाणे. मुलांनो, माझ्यासाठी देवाकडे काही मागणार असाल, तर एवढंच मागा: गोदाबाईचे गुडघे आणखी काही वर्षं असेच दुखत राहू देत.