तंबूची तालीम

सासरेबुवा कारखान्यात सुरक्षा अधिकारी होते. तालमीशिवाय केलेली कोणतीही गोष्ट म्हणजे अपघात, असं त्यांचं मत होतं. ते निवृत्त झाले. मत झालं नाही. त्यामुळे थंडी सरली की तळ्याकाठी तंबू ठोकायचा आणि मासे धरायचे असा बेत ठरला, तेव्हा त्यांच्या दातांच्या डॉक्टर जावयाला आधी दिवाणखान्यात गळ टाकावा लागला. पहिल्याच फेकीत गळाला पडदा लागला.

"वजनदार आहे," सासरेबुवा म्हणाले.

"शिवायचा तुम्हीच," सासूबाई म्हणाल्या आणि लगेच अट घातली. "तंबूतून कुणाचा हात न धरता उठून दाखवा. मग खुशाल जा."

अट वर्मी लागली. सासरेबुवांना खुर्चीतून उठायचं असलं, की ते आधी राजकारणावर बोलत, बोलता बोलता जवळच्याच्या खांद्यावर हात ठेवत आणि वाक्य संपेतो उभे असत. पुढच्या वर्षी तंबूत शिरणंही जमणार नाही आणि अट घालायचीही वेळ येणार नाही, हे सासऱ्या-जावयाला पक्कं ठाऊक होतं. म्हणून ते दोघं फक्त माशांवर बोलत.

जावयाने तंबू मात्र दोन आणले होते. सासरेबुवांच्या घोरण्याची कीर्ती भिंतीपलीकडून त्याच्यापर्यंत पोहोचलेली होती. "आपत्काळात पर्यायी निवारा," असं त्याने कारण दिलं, आणि सासरेबुवांना पोरगी योग्य घरी दिल्याचं समाधान वाटलं.

संध्याकाळी दिवाणखान्यात तंबू उभा राहिला. तालमीत सगळं सामान वापरायचं हा नियम, म्हणून आत कंदीलही लावला. सासरेबुवा रांगत आत गेले. उशी बघायच्या निमित्ताने जावई मागोमाग शिरला आणि त्याने चेन ओढून घेतली.

"डॉक्टर, मागून ढकला," सासरेबुवा कुजबुजले. "आणि ढकलताना खोकत राहा."

"खोकू कशाला?"

"माझे गुडघे वाजतात."

थोड्या वेळाने सासरेबुवा बाहेर आले ते खिशात हात घालून, बागेत फेरी मारून आल्यासारखे.

"बघितलंस?"

"बघितलं," सासूबाई म्हणाल्या. "आत कंदील, बाहेर कापडावर सावल्या. एक जण कपाट होता, दुसरा हमाल. खोकला कोणाला झालाय?"

सासरेबुवांनी तंबूकडे नीट पाहिलं. "कंदिलाची जागा चुकली," ते म्हणाले. "तालीम असते ती याचसाठी."

सासूबाईंनी वाकून तंबूतला कंदील विझवला.

"जा," त्या म्हणाल्या. "पण दोघांनी एकाच तंबूत झोपायचं. सकाळी यांना उठवायला काय मासे येणार आहेत?"

जावयाने दुसऱ्या तंबूकडे पाहिलं. "आई, मग हा?"

"दुकानात परत करा."

त्या आत गेल्या आणि एक पुडी आणून जावयाच्या हातात ठेवली. आत कापसाच्या छोट्या वळ्या होत्या. त्याने त्या ओळखल्या. सासूबाई इतकी वर्षं त्याच्याच दवाखान्यातून त्या मागून नेत, आणि कशाला, हे त्याने भिडेपोटी कधी विचारलं नव्हतं.

"कानात दोन-दोन घाला," त्या म्हणाल्या. "एकीने भागत नाही."