तीन ठिपके

शाळेच्या ऑफिसात भिंतीवरचा आलेख पाहिला आणि माझ्या तोंडात कडू पाणी आलं.

वैशाखरे गावाजवळच्या आमच्या शाळेच्या गच्चीवर दुर्बीण आहे. विज्ञानाच्या स्नेहलबाई तिच्यातून वर्षभर एका ताऱ्यावर लक्ष ठेवून होत्या. मी निवृत्त शिपाई, पण दुर्बिणीवरची ताडपत्री काढायला अजून मलाच बोलावतात. बाईंनी समजावलं होतं, की ताऱ्यासमोरून न दिसणारं काही जड गेलं, तर त्याच्या ओढीने उजेड वाकून आपल्याकडे एकवटतो. तारा काही दिवस जास्त उजळतो, मग मंदावतो. त्यावरून त्या न दिसणाऱ्याच्या वजनाचा अंदाज लागतो. विश्वात असं कृष्णद्रव्य भरलंय म्हणतात, पण ते कशाचं आहे ते कोणालाच ठाऊक नाही.

मे महिन्यात आमचा तारा उजळला. आलेखावर बारा रात्रींचे बारा ठिपके होते. पण त्यातल्या तीन रात्री मी ताडपत्री काढलीच नव्हती. माझ्या वहीत त्या तारखांपुढे 'ढग' लिहिलंय.

आमचे हेडसर म्हणजे शाम सर, त्यांना मी तसं सांगितलं.

"अरे नामा, रकाना मोकळा ठेवला का वरचे साहेब विचारीत बसतात. अंदाजाने भरला. बघ, डोंगर कसा गोल आलाय. आणि अहवालात तुझं नाव पण छापलंय. साक्षरता वर्गातला माणूस तू, आता पुण्याला पोचशील."

त्या वर्गाचं नाव निघालं आणि शिसारीच आली. तिथल्या हजेरीतही सगळं गाव रोज हजर होतं. कागदावर मी पास झालो तेव्हा मला 'न' काढता येत नव्हता. खरं लिहायला मी पुढे दोन वर्षांनी शिकलो, दुसरीतल्या पोरांच्या पुस्तकावरून.

बाई शहापूरला प्रशिक्षणाला होत्या. अहवाल दुपारी पुण्याला जाणार होता, त्यांच्या सहीने. मी त्यांना फोन लावून त्या तीन रात्रींचं सांगितलं.

मग म्हणाल्या, "नामाकाका, सगळ्यात जास्त उजेड त्याच तीन रात्रींत असणार. त्याच गेल्या तर वर्ष फुकट गेलं माझं."

मी वही उघडून त्या तारखा वाचून दाखवल्या.

"नऊच पाठवते. त्या रात्री दुसरीकडे कुठे तरी आकाश मोकळं असेल, तिथल्या लोकांचे आकडे आपल्या रिकाम्या जागी बसतील. आपले खोटे असले तर त्यांचंही वाटोळं होईल. तुमच्या वहीच्या पानाचा फोटो पाठवा."

बाईंचा निरोप ऐकून सरांना राग आला. कागद पुन्हा छापायचाच आहे तर नामाचं नाव तरी कशाला, म्हणाले. काढलं.

अहवालाला माझ्या वहीचं पान जोडलं. त्यातला एक 'ढ' वाकडा आलाय. सरांनी चहा मागवला, माझ्याही पुढे कप सरकवला. त्या कपाला हात लावावासा वाटला नाही.