गाड्या मापणारी सुटकेस

तुम्ही मला पाहिलं असेल, फक्त ओळखत नसाल. 'विहंगची गाडी' नावाच्या चॅनेलवर दर व्हिडिओत एकदा डिकी उघडते आणि तपकिरी रंगाची, कडक पाठीची एक सुटकेस आत सरकवली जाते. बसली, की विहंग म्हणतो, "मित्रांनो, आईची सुटकेस बसली, म्हणजे तुमच्या घरचं सामान बसलं!" ती सुटकेस मी. आज मी उमरेडमधल्या एका घरातून, लोखंडी पलंगाखालून बोलतेय. आणि मी भयंकर चिडलेली आहे.

कारखान्यातून माझ्यासारख्या शेकडो निघाल्या. मला इतवारीच्या बाजारातल्या एका दुकानातून मौद्याच्या एका बापाने लेकीच्या लग्नासाठी उचललं. ती लेक म्हणजे कामिनी, विहंगची आई. तिच्या लग्नाचा शालू माझ्यात राहिला, पोराची झबली राहिली, पुढे नवऱ्याच्या दवाखान्याचे कागदही राहिले. नवरा गेल्यावर मी कपाटावर चढले आणि पंधरा वर्षं धूळ खाल्ली.

मला खाली काढलं विहंगने. तो आधी एका वर्तमानपत्रात गाड्यांवर लिहायचा. सदर बंद पडलं तेव्हा त्याने स्वतःचं चॅनेल काढलं. लग्नाची शूटिंग करणारा अमोल त्याच्यासाठी कॅमेरा धरायचा. गाड्या ओळखीच्या लोकांकडून मागून आणायचे. तेव्हा विहंग खरंच मोजायचा. मला उभी घालून पाहायचा, आडवी घालून पाहायचा. एका महागड्या गाडीत मी कशीच मावेना, तर त्याने मला पुढच्या सीटवर बसवून पट्टा लावला आणि तसंच दाखवलं. लोक पोट धरून हसले, पण त्यांचा त्याच्यावर विश्वास बसला. मला अभिमान वाटायचा, खोटं कशाला सांगू?

मग कंपन्या स्वतःच गाड्या पाठवू लागल्या. धुतलेल्या, चकचकीत, टाक्या काठोकाठ भरलेल्या. सोबत विमानाचं तिकीट आणि तलावाकाठचं हॉटेल. तिथे एकेका नव्या गाडीभोवती असे पन्नास विहंग फिरत. त्याने पैसे कधीच घेतले नाहीत. हे मी मुद्दाम सांगते, कारण तो स्वतः ते ज्याला त्याला सांगतो. पण वाईट बोलणाऱ्याला पुढच्या खेपेला बोलावणं येत नाही. गाडी महिनाभर उशिरा मिळते, तोवर लोकांनी दुसऱ्यांचे व्हिडिओ पाहून घेतलेले असतात. एवढं कळलं, की माणसाला पाकीट द्यायची गरजच उरत नाही.

डिकीत बसून मला आणखी एक गोष्ट कळली. विहंगकडे दोन भाषा आहेत. कॅमेरा चालू असला की पुस्तकी, आणि बंद झाला की घरची. खरं तो घरच्याच भाषेत बोलतो.

गेल्या फेब्रुवारीत एका कंपनीची नवी गाडी आली. ती भरून चालवायची, असं विहंगनेच ठरवलं. माझ्यात तीस किलो तांदूळ भरला. पुढे विहंग आणि अमोल, मागे त्यांचे तीन धडधाकट मित्र. आम्ही रामटेकच्या गडावर गेलो. चढताना काहीच झालं नाही. उतरताना तिसऱ्या वळणावर काहीतरी जळल्याचा वास डिकीपर्यंत आला.

"अमोल, ब्रेक खाली जाऊन राहिला गा," विहंग म्हणाला. त्याचा इतका बारीक आवाज मी कधी ऐकला नव्हता.

"म्हणजे?"

"पाय पूर्ण दाबला ना मी! थांबूनच नाही राहिली!"

मी तांदळासकट मागच्या सीटच्या पाठीवर आदळले. गिअर पाडत, हँडब्रेक ओढत, कठड्याला घासत त्याने गाडी कशीबशी थांबवली. सगळे उतरून रस्त्याच्या कडेला बसले. अर्ध्या तासाने ब्रेक थंड झाले आणि पुन्हा नीट लागू लागले, जणू काही घडलंच नव्हतं.

"हे सांगशीन ना व्हिडिओत?" अमोलने विचारलं.

विहंगने घासलेल्या दारावरून हात फिरवला. "पुढल्या महिन्यात त्याइची मोठी गाडी येऊन राहिली. पहिली आपल्याले देतो म्हणाले. मी कंपनीले फोन करतो ना. ते करतीन दुरुस्त."

त्याने फोन केलाही. 'नोंद घेतली आहे' असं उत्तर आलं. आणि व्हिडिओत काय आलं? "मित्रांनो, घाटरस्त्यावर ही गाडी आत्मविश्वास देते. पूर्ण भरलेली असताना उतारावर फक्त थोडा अंदाज घ्या." थोडा अंदाज! पाच माणसं मरता मरता वाचली, त्याचा हा थोडा अंदाज! आणि मग नेहमीसारखी मला डिकीत सरकवून, माझ्या पाठीवर थाप मारून तो हसला. चार लाख लोकांनी ते पाहिलं.

दोन दिवसांनी मौद्याहून फोन आला. कामिनीचा भाऊ, रुपरावमामा. फोन स्पीकरवर होता. कामिनी शेजारीच तुरीच्या शेंगा सोलत बसली होती आणि मी दाराआड उभी होते.

"भाचा, पाहिला तुहा व्हिडिओ. बुक करू का गा ते गाडी?"

"नको मामा. बिलकुल नको. उतारावर ब्रेक धोका देते तिचा."

"अन् तू तर तारीफ करून राहिला!"

"ते लोकांसाठी आहे, मामा. तुम्ही नका घेऊ."

कामिनीचे हात थांबले. पण मग ती पुन्हा शेंगा सोलू लागली. तिथे तिचंही चुकलंच.

एप्रिलमध्ये एका सकाळी दारात एक जोडपं उभं राहिलं. बाबनराव आणि भारती, उमरेडचे. घरचे हातमाग बंद पडल्यावर बाबनराव वायरिंगची कामं करू लागले, आणि त्यातून त्यांनी आयुष्यातली पहिली गाडी घेतली होती. भारतीचा उजवा हात खांद्यापर्यंत प्लास्टरमध्ये होता.

"विहंगभाऊ, तुमचा व्हिडिओ चारदा पाहून गाडी घेतली," बाबनराव म्हणाले. त्यांचा आवाज चढलेला नव्हता. "गडावर दर्शनाले गेलो. उतरताना ब्रेकच नाही लागला. कठडा तोडून झाडावर गेलो. पोरं वाचली, हिचा हात दोन जागी मोडला. कंपनीवाले म्हणते, तुम्हाले चालवता येत नाही. मले फक्त येवढं विचाराचं आहे. तुमची गाडी उतरली तेव्हा असं काही झालतं का?"

विहंगने लगेच पुस्तकी भाषा काढली. "हे बघा, प्रत्येकाची चालवण्याची पद्धत वेगळी असते. आणि अंदाज घ्या, असं मी व्हिडिओत स्पष्टपणे..."

"झालतं," स्वयंपाकघराच्या दारातून कामिनी म्हणाली. "त्याले माहीत होतं. माह्या भावाले घेऊ नका म्हणाला, माह्यासमोर."

 भारती विहंगकडे वळली. "मामाले सांगतलं तुम्ही. मग आम्हाले काहून नाही सांगतलं, भाऊ?"

 घरची भाषाही त्याला सापडेना.

ते दोघं गेल्यावर त्याने तो व्हिडिओ चॅनेलवरून काढून टाकला. का काढला, याबद्दल एक शब्द लिहिला नाही.

"काढला, आई. झालं आता."

"ज्याइनं पाहून गाड्या घेतल्या, त्या गाड्या रस्त्यावरून काढशीन का? कॅमेऱ्यासमोर बस अन् झालं ते सांग."

"मग कोणी गाडीच नाही देणार मले!"

"नको देऊ दे."

तो उठून आतल्या खोलीत गेला आणि दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी कामिनीने मला पुसलं, माझ्यात चार साड्या भरल्या आणि उमरेडची बस धरली. दार भारतीने उघडलं.

"तुम्ही काहून आल्या, काकू?"

"तुह्या हातानं पोळ्या होत नसतीन वं. प्लास्टर निघेपर्यंत राहतो मी."

बाबनराव नको नको म्हणत राहिले. तोवर तिने परात पुढे ओढली होती.

आज बारावा दिवस. विहंगचा रोज फोन येतो. "आई, कधी येतं तू?" ती विचारते, "सांगतलं का लोकाइले?" पलीकडून फोन बंद होतो. काल भारतीने तिला चॅनेलवरचा नवा व्हिडिओ दाखवला. नवी गाडी होती आणि डिकीत सरकणारी निळी, कोरी सुटकेस. कामिनीने तो शेवटपर्यंत पाहिला, फोन परत दिला आणि उठून कणीक मळायला घेतली.

चॅनेलवाले सगळेच असे नसतात. खरं बोलून बोलावणी गमावलेलेही असतील. पण चार लाख माणसांनी ते ओळखायचं कसं? माझा राग हाच आहे. म्हणून हात जोडून सांगते, नुसत्या कौतुकावर जाऊ नका. ज्यांनी ती गाडी स्वतः विकत घेऊन वर्षभर वापरली, त्यांच्या घरी जाऊन विचारा. आणि गाड्यांवर बोलणाऱ्यांनो, तुमच्या शब्दावर लोक आपली लेकरं मागच्या सीटवर बसवतात. ती लेकरं तुम्हाला दिसत नसतील, तर कॅमेरा खाली ठेवा.

भारतीचं प्लास्टर पुढच्या आठवड्यात निघेल. पण परतीचं नाव कामिनीने काढलेलं नाही. आज सकाळी तिने माझ्यातली शेवटची साडी काढून भारतीच्या कपड्यांच्या दांडीवर टाकली. मी रिकामी आहे.