परळीतला ळ

शिवांजलीची पहिली श्रुतिका रेडिओवर लागली तेव्हा सगळं घर ऐकायला बसलं होतं, आणि तिला मात्र ती आपली वाटेना.

शिवांजली परळीच्या थर्मलमध्ये, म्हणजे औष्णिक वीजकेंद्रात, टेलिफोन ऑपरेटर होती. लहानपणी गोवराच्या तापात तिचे दोन्ही डोळे गेले. औरंगाबादला अंधशाळेत ती ब्रेल शिकली, पुढे ही नोकरी लागली, आणि तेव्हापासून ती बोर्डावर बसून इकडचे आवाज तिकडे जोडून देत होती. कोल प्लांटवरचा कोण चिडलाय, कोणाला घरची काळजी लागलीय, हे तिला नुसत्या ‘हॅलो’वरून कळायचं. घरी आली की ही माणसं तिच्या डोक्यात बोलत राहायची. त्यांचं बोलणं ती ब्रेल पाटीवर टोचून लिहायची. मग ती वाचून दाखवायची आणि धाकटा भाऊ सिद्धाराम ते कागदावर उतरवून घ्यायचा.

श्रुतिका होती आठवडी बाजारात जागेवरून भांडणाऱ्या दोन बायकांची. तिनं लिहिलं होतं, “माझी जागा कावून धरलीस गं? लई शानी हायेस!” रेडिओतली बाई म्हणाली, “माझी जागा का घेतलीस? फार शहाणी आहेस!”

“सिद्धाराम, ह्या कोणत्या गावच्या बाया?” शिवांजलीनं विचारलं.

“मीच जरा नीट करून लिहिलं अक्का,” तो म्हणाला. “रेडिओवर तसलं बरं दिसंल का?”

ती त्याच्यावर चिडली नाही. त्याच्याआधी शाळेतल्या एका बाईंनी तिची गोष्ट लिहून दिली होती, त्यांनीही हेच केलं होतं. जो कोणी लिहून देई, तो तिची माणसं जरा धुऊनपुसून देई. त्यामागे मायाच असे, हे तिला ठाऊक होतं. पण त्या दिवसापासून तिच्या मनानं घेतलं, की आता मध्ये कोणाचा हात नको.

हे दोन हजार तीन सालचं. अंबाजोगाईच्या कॉलेजात संगणक शिकवणारे धर्मराज सर विद्यार्थ्यांना थर्मल दाखवायला आणत, त्यासाठी त्यांचे फोन यायचे. एकदा लाइन जोडता जोडता तिनं विचारलं, “सर, बोलणारा कॉम्प्युटर असतो म्हणतात. खरं हाय का?”

“असतो ताई. पण तुम्हाला कोणत्या भाषेत बोलणारा पाहिजे?”

तिला हा प्रश्न पडलाच नव्हता.

रविवारी सर एसटीनं परळीला आले. येताना एक लॅपटॉप घेऊन आले. परदेशातून परतलेल्या मित्राचा होता, त्याला तो विकायचा होता. इकडे सिद्धारामला मनात खात होतं, म्हणून त्यानंही लातूरच्या ओळखीच्या दुकानातून एक लॅपटॉप पाहायला आणून ठेवला होता. घरात टेबलावर भाकरीच्या टोपल्यांची गर्दी, म्हणून दोन्ही यंत्रं पुढे दुकानात नेली. सिद्धारामचं भांड्यांचं दुकान. स्टील वजनावर विकणारा माणूस तो, त्यानं दोन्ही लॅपटॉप आळीपाळीनं काट्यावर ठेवले.

“माझ्या ह्या एकाच्या वजनात सरांची तसली दोन येतील,” तो म्हणाला. “पण अक्का, तुला सांगतो, पातळ पत्र्याच्या भांड्याला लगेच पोचे पडतात. जाड गेजचं घे.”

शिवांजलीनं जाड यंत्र मांडीवर घेतलं. थोड्याच वेळात मांडी भाजायला लागली. मग तिनं सरांचं यंत्र उचललं, आणि हात वरच गेला. तिनं जोर लावला होता त्याच्या निम्मंही ते भरलं नाही. शाळेत नेतात त्या पाटीएवढं पातळ. कडेवरून तिनं बोट फिरवलं. कुठं फट नाही, कुठं खिळा लागत नाही. एका हातात काठी असताना दुसऱ्या हातानं धरता येईल, असं हे पहिलंच यंत्र होतं. ड्यूटीवर नेता येईल. वीज गेली तरी बॅटरीवर चालेल. थर्मलच्या दारात राहूनही परळीची वीज जायचीच.

“पण ह्ये बोलत न्हाई,” सिद्धाराम म्हणाला.

ते खरं होतं. जाड लॅपटॉपवर बोलणारं सॉफ्टवेअर होतं. खट् केलं की ते इंग्रजीत भराभर सगळं सांगायचं. शिवांजलीचे डोळे भरून आले. पडद्यावर काय आहे ते आयुष्यात पहिल्यांदा कोणी न कंटाळता सांगत होतं. पण सरांनी मराठीत एक ओळ लिहिली, आणि ते गप्प झालं. पुन्हा इंग्रजी शब्द आला की बोलू लागलं. मराठी जणू तिथं नव्हतीच.

“पातळ्यात मराठी येईल,” सर म्हणाले. “पण त्यातली सिस्टीम बदलावी लागेल. आत्ता विंडोज आहे, ते काढून लिनक्स टाकायचं. त्यात बोलणारा प्रोग्राम बसवता येतो. हिंदीसाठी केलेला आहे, पण देवनागरी आहे, मराठीही वाचेल.”

“दोन्ही न्हाई का राहत?”

“डिस्क लहान आहे, ताई. एकच राहील. आणि आधीच सांगतो. परळीत हे दुरुस्त करणारा कोणी नाही. ऑफिसातल्या फायली नीट उघडतील याची खात्री नाही. आवाजही पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा आहे.”

सिद्धाराम चुळबुळला. “सगळं जग जे वापरतंय ते सोडून ह्ये कावून घ्यायचं, अक्का?”

शिवांजलीनं दोन्ही यंत्रांवर एकेक हात ठेवला. एक गरम, एक गार. जाडं आजच बोलत होतं. पातळ्याचा नुसता भरवसा होता, तोही एका माणसाच्या शब्दावर.

“इंग्रजीत भांडणाऱ्या बाया मला म्हाईत न्हाईत,” ती म्हणाली. “सर, बदला.”

पहिले काही रविवार वाईट गेले. सिस्टीम बसली, पण यंत्रातून आवाजच निघेना. पडदा सरांना दिसत होता, त्यांना ते चालू वाटत होतं. तिच्या लेखी ते मेलेलं होतं. सर घाम पुसत काहीतरी टाइप करत राहायचे आणि संध्याकाळच्या गाडीनं परत जायचे.

मग एका दुपारी सर स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी बसले असताना यंत्र खरखरलं, आणि एक पुरुषी, कोरडा आवाज म्हणाला, “शिवांजली. परली वैजनाथ.”

शिवांजली यंत्राकडे सरकली. कोणी माणूस नसताना कोणीतरी तिचं नाव वाचलं होतं. ती हळूच म्हणाली, “पुन्हा.”

“शिवांजली. परली वैजनाथ.”

“सर, ह्याला ळ येत न्हाई.”

सर हसायला लागले. “हिंदीचा आहे ना! ळ कोणी दिलाच नाही त्याला.” मग ते गंभीर झाले. “पण देता येईल. ह्या आवाजाचे तुकडे आहेत, एकेक अक्षर कोणीतरी बोलून ठेवलेलं. ळ तुम्ही बोला.”

त्यांनी माइक आणला होता. शिवांजली बोलत गेली. बाळ, केळी, पोळी, डोळे, काळोख, परळी. दिवसभर ‘नमस्कार, परळी थर्मल’ म्हणणारा तिचा ळ मुरलेला होता. सरांनी ते सगळं सोबत नेलं.

पुढच्या खेपेला त्यांनी ते जोडून आणलं. यंत्र बोललं, तो पुरुषी आवाज ‘पर’पर्यंत आला, मध्ये क्षणभर बाईचा आवाज झाला आणि पुन्हा पुरुष होऊन पुढे गेला. “परळी वैजनाथ.”

आतून अव्वाच्या, म्हणजे तिच्या आईच्या, हातातलं भांडं पडलं. अव्वा ओल्या हातानं बाहेर आल्या. “शिवांजली, तू हितं बसलीस. मग तुझा आवाज तिथं कसा?”

“एकच अक्षर हाय माझं, अव्वा.”

अव्वा यंत्राच्या जवळ आल्या. देवघरापुढे बसतात तशा मांडी घालून बसल्या आणि म्हणाल्या, “अजून एकदा म्हणायला लाव.” ते म्हणालं. त्यांनी पुन्हा लावायला सांगितलं. ळ आला की प्रत्येक वेळी त्या लेकीच्या तोंडाकडे पाहायच्या, ओठ हलतात का ते बघायला.

शिवांजलीनं यंत्र मांडीवर ओढलं. सरांनी शिकवलेल्या कीबोर्डच्या किल्ल्यांवर तिची बोटं अडखळत फिरली. तिनं आपली जुनी ओळ लिहिली आणि वाचायची किल्ली दाबली.

“माझी जागा कावून धरलीस गं. लई शानी हायेस.”

कोरडा, सपाट आवाज. ना राग, ना ठसका. पण ‘कावून’ म्हणजे ‘कावून’च, आणि ‘हायेस’ म्हणजे ‘हायेस’च. तिनं जे टोचलं होतं ते एका अक्षराचीही माया न करता परत आलं होतं. तिनं पुन्हा लावलं. तिला वाटलं, आपण विहिरीत डोकावून हाक मारलीय आणि विहिरीनं आपलीच हाक तशीच्या तशी हातात आणून दिलीय.

“ह्यानं तर काहीच नीट केलं न्हाई,” सिद्धाराम म्हणाला. त्यानं पुढे वाकून ती ओळ पुन्हा ऐकली. मग म्हणाला, “अक्का, तसंच बरं वाटतंय गं.”

महिनाभरात तिनं ती बाजाराची श्रुतिका पूर्ण नव्यानं लिहिली. सुट्टीच्या दिवशी घरी कोणी नसताना तिनं ती पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायला लावली आणि स्वतः नुसती ऐकत बसली. आतापर्यंत आपलं लिहिलेलं तिनं नेहमी दुसऱ्याला वाचून दाखवलं होतं. बोटं ओळीवर आणि जीव समोरच्याच्या श्वासाकडे. आज समोर कोणी नव्हतं. मध्यावर आल्यावर तिला कंटाळा आला. स्वतःच्याच लिहिण्याचा! भांडणाऱ्या दोघींतली थोरली बाई उगाच लांबण लावत होती. तिनं यंत्र थांबवलं, तेवढा भाग पुन्हा ऐकला आणि किल्ली दाबून धरली. एकेक अक्षर नाहीसं होताना यंत्र त्याचं नाव घेत गेलं. टोचलेला ठिपका कधी बुजत नाही. आणि इथं पानंच्या पानं, जणू कधी नव्हतीच. मोकळ्या झालेल्या जागेत तिनं थोरलीच्या तोंडी दोनच शब्द घातले.

सरांनी कॉलेजात श्रुतिकेचे कागद छापून दिले, आणि ते तसेच रेडिओकडे गेले.

नवी श्रुतिका लागल्याच्या दुसऱ्या दिवशी ती बोर्डावर होती. कोल प्लांटवरून मुंजाजीचा फोन आला. नेहमी घाईत असणारा माणूस, आज लाइन मागायचंच विसरला.

“मॅडम, काल तुमचं नाटक ऐकलं. ती थोरली बाई म्हणजे आमच्या गल्लीतली रतनबाई की हो! तुमी तिला कुठं गाठलं?”

शिवांजली कोणत्याच रतनबाईला कधी भेटली नव्हती. कानाला लावलेला फोन तिनं दोन्ही हातांनी धरला.

“अजून सांगा,” ती म्हणाली. “ती अजून काय काय बोलते?”