रुहीची पाठ

अवधूत सबनीस त्या संध्याकाळी शाळेच्या जिममध्ये गेला तो मुलीची कुस्ती बघायला नव्हे, बंद करायला. मॅच संपल्यावर दोन मिनिटं भेटायचंय, अशी मेल त्याने कोचला सकाळीच टाकली होती. काय बोलायचं ते इंग्रजीत घोटूनही ठेवलं होतं. पुढच्या वर्षी अभ्यास वाढतोय, तेव्हा रुहीचं नाव काढावं म्हणतो, वगैरे. अभ्यास हे निमित्त. खरं कारण असं की पोरगी प्रत्येक वेळी हरत होती, आणि ते ऐकणंसुद्धा बापाच्या जिवावर येत होतं.

नुसती हरत नव्हती, चीत होत होती. लहानपणी राजारामकाकांच्या खांद्यावर बसून अवधूतने जत्रेतल्या कुस्त्या बघितल्या होत्या. तिथे गुणबिण कोण मोजतो? पाठ लागली की खेळ खल्लास, आणि पाठ लागलेल्याकडे पुन्हा कोणी ढुंकून बघत नसे. अमेरिकेत नेपरव्हिलला येऊन अवधूतने घर घेतलं, दारातला बर्फ उपसायला शिकला, पण कुस्तीबद्दलचं त्याचं ज्ञान त्या खांद्यावरून खाली उतरलंच नव्हतं.

आज बायकोच्या, आश्लेषाच्या, ऑफिसात नव्या सॉफ्टवेअरचं रिलीज होतं, म्हणून रुहीच्या मॅचला जायची पाळी त्याच्यावर आली. सोबत शेजारच्या देवदत्तची आई, शोभनाकाकू. काकू नागपूरच्या, शाळेत गणित शिकवून रिटायर झालेल्या. मुलाकडे राहायला आल्यापासून त्या आश्लेषाबरोबर रुहीची एकही मॅच चुकवत नव्हत्या. थर्मासमध्ये चहा घेऊन पहिल्या रांगेत बसायच्या आणि रेफरीवर असा डोळा ठेवायच्या, की जणू तो कॉपी करताना सापडणार आहे.

मुलींची ही टीम नवी होती आणि आजवर एकही सामना जिंकली नव्हती. आज मात्र काहीतरी वेगळंच चाललं होतं. एकेक मुलगी मॅटवर जाऊन जीव तोडून लढत होती. बघता बघता शेवटची कुस्ती तेवढी उरली, रुहीची. समोर लाल केसांची एक मुलगी उभी राहिली, खांदे दरवाज्याएवढे. ही वर्षभरात कोणाशी हरलेली नाही, असं मागे कोणीतरी म्हणालं.

"झालं," अवधूत पुटपुटला.

पहिल्याच झटक्यात रुही खाली गेली. कशीबशी सुटली, पुन्हा खाली गेली. फळ्यावर त्या मुलीचे गुण चढत गेले आणि रुहीपुढचा भोपळा काही हलेना. तिसरी आणि शेवटची फेरी सुरू झाली तेव्हा अवधूतने कोट उचलला.

"काहून उठून राहिला रे?" काकू खेकसल्या.

"काकू, संपलंच की. आता काय कव्हर होणार?"

"बस खाली! तुला काही समजतं का? आपली टीम पाच गुणांनी पुढे आहे. रुही चीत झाली तर त्यांना सहा मिळतात, आपण गेलो. नुसती गुणांवर हरली, तर त्यांना तीन, फार तर चार. तिने जिंकायची गरजच नाही, बाबू. फक्त पाठ टेकवायची नाही."

अवधूत मटकन खाली बसला. असाही हिशोब असतो, हे त्याच्या गावीही नव्हतं. त्याच क्षणी लाल केसांच्या मुलीने रुहीला उचललं आणि उताणं आपटलं.

जिम ओरडली. ती मुलगी सगळं वजन टाकून रुहीच्या छातीवर रेलली. रेफरी पोटावर आडवा झाला आणि रुहीच्या खांद्यांखाली हात सरकवून बघू लागला. आणि रुहीने टाचा रोवल्या, डोकं मॅटमध्ये खुपसलं आणि कमरेपासून मानेपर्यंत सगळं अंग कमानीसारखं वर उचललं. वर ती एवढी दांडगी पोरगी, आणि खाली आपली पोर डोकं आणि टाचा यांवर तोललेली.

ही कमान अवधूतने पाहिली होती! घरी, हॉलमधल्या गालिच्यावर. तो कॉलवर असायचा आणि रुही कोपऱ्यात रोज अशीच, चेहरा लालबुंद करून, थरथरत. "मान मोडेल, चल अभ्यासाला बस," असं तो माईक म्यूट करून ओरडायचा. तिच्या डोक्यामागचे केस घासून विरळ झालेत म्हणून शाम्पूही बदलून आणला होता शहाण्याने.

ती मुलगी दाबत होती. रुहीचे पाय लटपटत होते, तोंडातून बारीक कण्हणं येत होतं. एक खांदा खाली आला, रेफरीच्या हाताला लागला, आणि पुन्हा वर गेला. एवढं बळ हिच्यात आलं कुठून? सकाळी दुधाचा ग्लास संपवताना कुरकुरणारी ही पोर. आपल्या घरात, आपल्या नाकासमोर ही एवढी मोठी कधी झाली? त्याला भीती वाटत होती, अभिमान वाटत होता, आणि देवळात गाभाऱ्यासमोर वाटतं तसं काहीतरी वाटत होतं. काकूंनी त्याचा हात गच्च धरला होता आणि थर्मास कधीच बाकाखाली गडगडला होता.

भोंगा वाजला.

रेफरीने लाल केसांच्या मुलीचा हात वर केला. रुही हरली होती, आणि सगळी टीम धावत येऊन तिच्याच अंगावर पडली. मुली रडत होत्या, किंचाळत होत्या. अवधूतही रडत होता, सगळ्यांदेखत, कोटाच्या बाहीने नाक पुसत.

कोच गर्दीतून वाट काढत त्याच्यापाशी आला. "तुम्हाला काही बोलायचं होतं ना?" त्याने इंग्रजीत विचारलं. घोटलेली वाक्यं अवधूतला एकही आठवेना. मग त्याने भलतंच काहीतरी विचारलं. कोच हसला आणि बराच वेळ हातवारे करून समजावत राहिला.

परतताना मागच्या सीटवर काकू घोरत होत्या. पुढे शेजारी बसलेल्या रुहीची मान आखडली होती, म्हणून ती समोरच बघत होती.

"बाबा, व्हॉट डिड यू टेल कोच?"

"काही नाही. मॅट कुठे मिळते आणि किती जाड घ्यायची, ते विचारलं. हॉलमध्ये टाकू या. त्या गालिच्यावर डोकं घासतं तुझं."

मान वळत नव्हती, म्हणून रुहीने नुसता हात पुढे केला आणि गिअरवरच्या त्याच्या हातावर ठेवला.